पॅड पोहोचलं, माहिती वाटेतच

वर्धा जिल्ह्यातल्या आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राखाली येणाऱ्या २३ गावांत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी या शतकाच्या पहिल्या दशकात एक काम हाती घेतलं. बारा ते एकोणीस वयाच्या, लग्न न झालेल्या मुलींशी ते बोलले. प्रश्न साधे होते. पाळी म्हणजे काय हे पहिल्या पाळीच्या आधी ठाऊक होतं का? काय वापरता? ते कापड पुन्हा वापरता का? उत्तरं मोजली तेव्हा कळलं, की शंभरातल्या ३५ जणींनाच आधी काही माहीत होतं. बाकीच्यांनी ते रक्त पाहिलं तेव्हा ते कुठून आलं, कशाने आलं आणि थांबणार की नाही, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं.

मग गावोगावी 'किशोरी पंचायत' सुरू झाली. महिन्यातून एकदा गावातल्या मुलींनी जमायचं आणि शरीराबद्दल, आहाराबद्दल, पाळीबद्दल बोलायचं. तीन वर्षांनी पुन्हा मोजणी झाली. आधी माहिती असलेल्या मुली ३५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेल्या होत्या. विकतचं पॅड वापरणाऱ्या ५ टक्क्यांच्या २५ टक्के झाल्या. कापड पुन्हापुन्हा वापरण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आलं. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

या आकड्यांतला पहिला सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच पुढच्या काळात विसरला गेला. तो नीट वाचायलाही हवा. दुसऱ्या मोजणीतल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलींना किशोरी पंचायत सुरू होण्याआधीच पाळी आलेली असणार. त्यांना 'आधी' सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. म्हणजे धाकट्या मुलींत झालेला बदल सरासरीत दिसतो त्याहून मोठा असणार. महिन्याला एक बैठक, एक जाणती बाई आणि बोलायची मोकळीक एवढ्यावर हे साधलं. त्याला यंत्र लागलं नाही, की नटनट्यांची जाहिरात लागली नाही.

ग्रामीण किशोरींना पाळीबद्दल काय माहीत असतं आणि त्यांना त्याबद्दल काय वाटतं, या विषयाकडे वळताना आंजीपासून सुरुवात केलेली बरी. कारण आज या विषयावरची बहुतेक चर्चा 'पॅड' या एका वस्तूभोवती फिरते. वस्तू मोजता येते, वाटता येते, तिच्यासोबत फोटो काढता येतो. दहा वर्षांच्या मुलीला कुणी काय सांगितलं, हे असं मोजता येत नाही.

आधी शरीराचं थोडं. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला दर महिन्याला रक्तवाहिन्यांनी भरलेलं मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही, की ते सुटून बाहेर पडतं. दोन ते सात दिवस चालणाऱ्या पाळीत सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. सुरुवातीच्या वर्षा-दोन वर्षांत स्त्रीबीज दर महिन्याला तयार होतंच असं नाही. त्यामुळे पाळी कधी एकवीस दिवसांनी येते, कधी पंचेचाळीस. या वयात यात काही बिघडलेलं नसतं.

आता हीच गोष्ट दीडशे उंबऱ्यांच्या गावात ठेवून पाहा. तेरा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा पाळी येते आणि पुढचे दोन महिने येतच नाही. पाळी येते, चुकते आणि चुकली की काय समजायचं, एवढंच आईला माहीत असतं. अनियमितपणा या वयात नेहमीचा आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मग घरात कुजबुज सुरू होते, मुलीवर नजर राहते, शाळेला एकटी पाठवायची की नाही याचा विचार होतो. जी गोष्ट गावातली आरोग्य स्वयंसेविका आशाताई दोन वाक्यांत सांगू शकते, ती न कळल्यामुळे मुलीच्या बाहेर पडण्यावर बंधन येतं.

याच्या उलटही घडतं. रक्तस्राव खरोखर जास्त होत असेल, दर दोन तासांनी कापड बदलावं लागत असेल, तरी 'बाईच्या जातीला हे असायचंच' म्हणून ते चालवून घेतलं जातं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती घेतली की मळमळतं, म्हणून कितीतरी मुली ती घेत नाहीत. गोळीचा आणि पाळीचा काही संबंध आहे, हे गोळी हातावर ठेवणाऱ्याने सांगितलेलं नसतं.

मुलीला पहिल्यांदा सांगतं कोण? बहुतेक घरांत आई. ती नसेल तर थोरली बहीण, वहिनी, आत्या, नाहीतर वर्गातली एखादी पुढारलेली मैत्रीण. २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या १३८ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक लाख मुलींची माहिती होती. पहिल्या पाळीआधी माहिती असलेल्या मुली निम्म्याहून किंचित कमी भरल्या. रक्त गर्भाशयातून येतं हे सांगू शकणाऱ्या चौथा हिस्साही नव्हत्या. पाळी ही नैसर्गिक गोष्ट आहे असं मानणाऱ्या निम्म्याहून थोड्या जास्त. आणि माहिती देणारी म्हणून आईचंच नाव पुढे आलं.

आई सांगते म्हणजे काय सांगते, हे विचारलं पाहिजे. ती कापडाची घडी कशी घालायची ते दाखवते. देवघराकडे फिरकू नको, तुळशीला पाणी घालू नको, लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, कुणाला सांगू नको, पोरांशी बोलू नको, असंही बजावते. ही सगळी वाक्यं 'नको'ने संपतात. कारण एकाचंही नसतं, कारण आईलाही तिच्या आईने ते दिलं नव्हतं. तिच्याकडे जे होतं ते तिने दिलं. तिला दोष देणं सोपं आहे, पण तिला पाचवी-सहावीतून काढून शेतावर किंवा सासरी धाडणाऱ्यांचा हिशेब मग कोण मांडणार?

गावात हे नियम कसे चालतात ते पाहिलं तर त्यातली व्यवहारी बाजूही दिसते. देव्हारा, तुळस, पापडाचं वाळवण यांना विटाळ लागतो. कापूस वेचायला, खुरपायला, धुणं धुवायला, जनावरांचं शेण काढायला मात्र तो आड येत नाही. ज्या घरात पाचव्या दिवसाची वाट पाहत बसायला कुणी रिकामं नाही, तिथे नियम आपोआप सैल होतात. ज्या घरात दोन सुना आणि सासू आहे, तिथे ते घट्ट राहतात. मुली हे सगळं बघत असतात. वसतिगृहात राहणारी मुलगी तिथे सगळं शिवते आणि दिवाळीला घरी आली की मुकाट्याने कोपऱ्यात बसते. सर्वेक्षणातल्या 'पाळता' किंवा 'पाळत नाही' या दोनच रकान्यांत ती कशी बसणार?

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. भाद्रपदातली ऋषिपंचमी ज्या दोषाच्या निवारणासाठी सांगितली जाते, तो दोष पाळीच्या दिवसांतल्या शिवाशिवीचाच. आणि या समजुतीला खणखणीत उत्तर मिळालं ते चौदाव्या शतकातच. चोखामेळ्यांची पत्नी संत सोयराबाई यांनी आपल्या अभंगात विचारलं, की सगळ्या देहांची घडण जर विटाळातूनच झाली, तर सोवळा म्हणवून घेणारा आला कुठून? जातीचा विटाळ आणि बाईपणाचा विटाळ या दोन्ही गोष्टी अंगावर झेललेल्या बाईचा तो प्रश्न होता. विसाव्या शतकात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून शरीराबद्दल स्वच्छ मराठीत लिहिलं आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटलेही भोगले. मात्र सोयराबाईंचा प्रश्न अभंग म्हणून टाळांवर घेतला गेला आणि कर्व्यांचं मासिक शहरातल्या मोजक्या घरांत राहिलं. शाळेच्या फळ्यावर दोघांपैकी कुणीच आलं नाही.

शाळेचा प्रश्न इथेच येतो. आपल्याकडे पहिली पाळी साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी येते. म्हणजे सहावी किंवा सातवी. राज्य मंडळाच्या पुस्तकात ऋतुचक्राचा सविस्तर धडा येतो तो दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात. परीक्षेच्या दृष्टीने तो उत्तम धडा आहे. आकृती आहे, संप्रेरकांची नावं आहेत, दिवसांचं गणित आहे. फक्त वर्गातल्या मुलींना तोवर तीन वर्षं पाळी येत असते. त्यातही धडा शिकवणारे सर असले, तर 'हा घरी वाचून या' असं सांगून पुढच्या पाठाकडे वळणारेही कमी नाहीत. मध्यंतरी यापेक्षा वाईट काळही येऊन गेला. २००७ साली महाराष्ट्र सरकारने शाळांतलं लैंगिक शिक्षणच बंद करायचं ठरवलं. संस्कृतीचं कारण पुढे केलं गेलं. त्या वर्षी सहावीत असलेल्या मुली आज स्वतः आया झाल्या असतील.

शिक्षकांना तरी कुठे सगळं ठाऊक असतं? २०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका मुलींच्या आश्रमशाळेतली तक्रार राज्यभर गाजली. वृक्षारोपणाच्या वेळी, पाळी चालू असलेल्या मुलींनी झाडं लावू नयेत, ती जगत नाहीत, असं शिक्षकाने सांगितल्याची ती तक्रार होती. आदिवासी विकास विभागाने चौकशी लावली. तक्रार करणारी मुलगी बारावीत, विज्ञान शाखेत शिकत होती. तिने पुस्तकातलं विज्ञान खरं मानलं आणि ते शिकवणाऱ्या व्यवस्थेला आठवण करून दिली. ग्रामीण मुलींच्या वृत्तीबद्दल बोलताना त्यांना नेहमी बिचाऱ्या ठरवण्याची सवय आपल्याला लागली आहे. ही मुलगी त्या चौकटीत बसत नाही.

आता पॅडकडे. २०१० च्या सुमारास एका खासगी पाहणीचा आकडा देशभर फिरला, की भारतात जेमतेम १२ टक्के स्त्रिया पॅड वापरतात आणि बाकीच्या कापड, राख, भुसा असलं काहीबाही. हजारेक स्त्रियांना विचारून काढलेला हा आकडा. पण भाषणांत, जाहिरातींत आणि अनुदानाच्या अर्जांत तो पुढची दहा वर्षं वावरला. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये १५ ते २४ वयाच्या स्त्रियांना नीट विचारलं, तेव्हा ग्रामीण भागातही आरोग्यदायी साधन वापरणाऱ्या ४८ टक्के निघाल्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. शहरांत ते ८९ टक्के होतं.

या वाढीमागे सरकारी योजनांची रांगच आहे. २०११ मध्ये केंद्राने आशांमार्फत सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना विकायला सुरुवात केली. पाकिटामागे आशाला एक रुपया मिळे. २०१८ साली ८ मार्चला महाराष्ट्राने 'अस्मिता' योजना आणली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, विक्री बचत गटांकडून. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. जनऔषधी केंद्रांतलं पॅड २०१९ मध्ये अडीच रुपयांवरून एक रुपयावर आलं. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनाथम यांचं स्वस्त यंत्र आणि त्यावरचा हिंदी चित्रपट यांमुळे तर पॅड हा शब्द दूरदर्शनसमोर एकत्र बसलेल्या कुटुंबातही उच्चारता येऊ लागला. या सगळ्याचा फायदा झाला, यात शंका नाही. ओल्या कापडाने मांड्या सोलवटून घेत तीन किलोमीटर चालत शाळेला जाणाऱ्या मुलीला पॅडची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नसते.

पण या आकड्यात दोन गोष्टी दिसत नाहीत. एक म्हणजे सर्वेक्षण पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांशी बोलतं. अकरा, बारा, तेरा वर्षांच्या, म्हणजे ज्यांना पाळी नुकतीच आली किंवा येणार आहे, त्या मुली त्यात नाहीतच. दुसरी म्हणजे 'काय वापरते' यातून 'काय समजते' हे कळत नाही. पॅड वापरणारी मुलगी तेच पॅड सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत ठेवत असेल, कारण शाळेत बदलायची सोय नाही किंवा पाकीट दोन महिने पुरवायचं आहे. उलट कापड वापरणारी मुलगी सुती कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवत असेल, तर तिचं काही चुकत नाही. अडचण कापडाची नसून उन्हाची आहे. धुतलेलं कापड दोरीवर दिसता कामा नये, म्हणून ते परकराखाली, माळ्यावर, मोरीच्या कोपऱ्यात ओलसर अंधारात वाळतं. आरोग्यशिक्षणात हे सांगायला एक मिनिट लागतं. मात्र दोरीवर ते कापड उघड वाळत घालायला सगळ्या घराला आपली लाज बाजूला ठेवावी लागते.

शाळेच्या सोयीबद्दल फार बोलायची गरज नाही. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीने २०२२ मध्ये ग्रामीण शाळा पाहिल्या, तेव्हा मुलींसाठी वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह ६८ टक्के शाळांत सापडलं. बाकीच्यांत एकतर ते नव्हतं, किंवा त्याला कुलूप होतं, किंवा ते वापरण्याजोगं नव्हतं. वापरलेलं पॅड टाकायचं कुठे, हा त्यापुढचा प्रश्न. गावात घंटागाडी नाही. जाळलं तर पुढे मूल होत नाही, अशी भीती अनेक ठिकाणी आहे. मग ते कागदात गुंडाळून दप्तरातून घरी, नाहीतर रात्री ओढ्यात किंवा उकिरड्यावर. योजनेचं पाकीट देणाऱ्याने हा भाग मुलींवरच सोडून दिलेला आहे.

शाळागळतीबद्दलचे आकडेही जरा जपून घ्यावेत. पाळीमुळे इतक्या कोटी मुली शाळा सोडतात, असे दावे सर्रास छापले जातात. वर उल्लेखलेल्या आढाव्यात पाळीच्या दिवसांत शाळा बुडते असं सांगणाऱ्या मुली सुमारे २४ टक्के होत्या, आणि बुडणं वेगळं, सुटणं वेगळं. नेपाळच्या चितवनमध्ये १९८ मुलींवर काटेकोर प्रयोग झाला. निम्म्यांना मासिक पाळीचा कप दिला, निम्म्यांना नाही. हजेरीत फरक पडला नाही, कारण पाळीमुळे मुळात फार कमी दिवस बुडत होते. आपल्या गावात सातवीनंतर मुलगी घरी बसते त्याची कारणं जरा उघड्या डोळ्यांनी पाहिली तर दिसतात: पुढची शाळा लांब, एसटी नाही, धाकटी भावंडं, आणि मुलगी 'मोठी झाली' ही घरच्यांची धास्ती. पाळी या शेवटच्या कारणातून आत शिरते. त्यावर पॅड हा उपाय नाही.

गडचिरोलीत या विषयाचं सगळ्यात अवघड रूप दिसतं. माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायका-मुली गावाबाहेरच्या कुर्माघरात राहतात. ही झोपडी सगळ्या गावाची, म्हणजे दुरुस्ती करायची जबाबदारी कुणाचीच नाही. कुडाच्या भिंती, अनेकदा दार नाही, वीज नाही, पावसाळ्यात साप-विंचवाचं भय. जेवण घरून येतं. नियम मोडला तर दंड म्हणून गावाला जेवण द्यावं लागतं. २०१५ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला याबद्दल जाब विचारला होता. २०२१ मध्ये मुंबईच्या एका संस्थेने तुकुम गावात वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून पक्कं कुर्माघर बांधून दिलं. त्यात खाटा, शौचालय, सौर दिवे आले. लगेच टीका झाली, की प्रथा मोडायची सोडून तिला पक्क्या भिंती कशाला देता? टीकेत तथ्य आहे. पण पुण्यात बसून हा प्रश्न जितका सरळ वाटतो तितका तो भामरागडच्या पावसात, गळक्या झोपडीत झोपलेल्या मुलीला वाटणार नाही. तिला आज रात्री कोरडी जागा हवी आहे. काही जणींना तिथे कामातून सुटका आणि मैत्रिणींची सोबतही मिळते, आणि हे सांगायला त्या कचरत नाहीत. पिढी बदलेपर्यंत सुरक्षित निवारा आणि त्याच निवाऱ्यात शरीराची माहिती, असा दुहेरी मार्गच खरा वाटतो. तिथे जमलेल्या मुलींशी बोलायला कुणी गेलं, तर आंजीच्या किशोरी पंचायतीपेक्षा मोकळी बैठक त्यांना आयती मिळेल.

याच जिल्ह्यातून सदतीसेक वर्षांपूर्वी जगाला एक धक्का बसला होता. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. दुखणं होतं, पण त्याबद्दल बोलायची सवयच नव्हती. लहानपणी 'कुणाला सांगू नको' हे ऐकलेली मुलगी चाळिशीतही कुणाला सांगत नाही.

सांगितलंच, तर कुणाला सांगते त्यावर पुढचं ठरतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं. नवरा-बायकोने जोडीने कोयत्याची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, फडात ना पाणी ना आडोसा. अंगावरून पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की तिला कर्करोगाची भीती घालून 'पिशवी काढून टाका' असं सांगितलं जाई. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. यामागे गरिबी आहे, मुकादमी आहे, काही डॉक्टरांची हाव आहे. त्याचबरोबर हेही आहे, की पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधाने बरं होतं आणि गर्भाशय म्हणजे नुसती पाळीची कटकट नव्हे, हे त्या बायकांना बाराव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं.

आणि पुरुषांना? त्यांना तर कधीच नाही. २०२३ च्या मे महिन्यात उल्हासनगरमध्ये बारा वर्षांच्या मुलीच्या कपड्यावर रक्ताचे डाग दिसले. हे काय, म्हणून तिशीच्या भावाने विचारलं. तिला सांगता आलं नाही, कारण तिलाच माहीत नव्हतं. भावाने संशयाने तिला इतकं मारलं, की ती मेली. तिची ती पहिली पाळी होती. हे शहर आहे, खेडं नाही, पण दोघांचंही अज्ञान शहर-खेडं ओळखत नव्हतं. २०२५ च्या जुलैमध्ये ठाणे जिल्ह्यातल्याच शहापूरमध्ये एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग सापडले, म्हणून कुणाला पाळी आली आहे हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासणी केली गेली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. तपासणारी माणसं शिकलेली होती आणि त्यात स्त्रियाही होत्या. तेव्हा शिक्षण वाढलं, बाई हाताशी असली की हा प्रश्न आपोआप सुटतो, ही समजूत सोडायला हवी.

या विषयावर यापुढे जे कुणी वाचेल, लिहील किंवा योजना आखेल, त्याने आकडा समोर आला की तो वस्तूचा आहे की माहितीचा, एवढं आधी पाहावं. किती पाकिटं वाटली, हा एक हिशेब. पहिल्या पाळीच्या आधी किती जणींना सांगितलं, हा दुसरा, आणि आज तो राज्यात कुणी नेमाने ठेवत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत नाव दाखल झालं, की त्या वर्षात मुलींना आणि मुलांनाही हे शिकवायचं, शिक्षक पुरुष असला तरी त्यानेच शिकवायचं आणि त्याला त्याचं प्रशिक्षण द्यायचं, एवढं शिक्षण खात्याने ठरवलं तरी पुष्कळ होईल. दहावीचा धडा दहावीत राहू दे. त्याच्या आधीचा, चार पानांचा धडा पाचवीत हवा. आशाताई आणि अंगणवाडीताई गावात आहेतच. त्यांच्या कामाच्या यादीत महिन्याची एक किशोरी बैठक घालून तिचा मोबदला वेगळा द्यायला हवा, कारण फुकटच्या कामांचं ओझं त्यांच्यावर आधीच पुरेसं आहे.

खात्याचा निर्णय येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांच्या घरी नऊ-दहा वर्षांची मुलगी आहे, त्यांनी तिला या सुट्टीत सगळं सांगावं, आणि मुलगा असेल तर त्यालाही सांगावं.